दोन बोटं पाणी

रज्जाक मिस्त्रीनं तारेचा आकडा नळीतून बाहेर ओढला, तेव्हा त्याच्या टोकाला एक केस आला. एकच, पण येतच राहिला. मोटारीच्या पायरीवर भाकरीचं फडकं सोडत बसलेली त्याची बायको मेहमुदा बघत होती, आणि तो केस काही संपेना. हातभर झाला, मग आणखी वीतभर. रज्जाकनं तो उजेडाकडं धरला. वरती काळा, खाली टोकाला तांबूस, मेंदी उतरत आलेली असते तसा.

"ह्यो घ्या तुमचा चोर," तो गेणू सुताराला म्हणाला. "रोज रातीत ह्या नळीच्या बाकातलं पानी कुटं जातं म्हनत हुता न्हवं?"

"ह्यो?" गेणूनं कानावरची पेन्सिल काढून केसाला दुरूनच डिवचल्यासारखं केलं. "मिलटरीच्या गाडीत येवढा लांब केस? का पलटनीत बायका बी हुत्या?"

"शीख असंल कोनतरी."

"शीख मेंदी लावतो व्हय, मिस्त्री?"

रज्जाकनं केस दोन्ही हातांनी ताणून धरला. तो केसाकडंच बघत, स्वतःशीच धडा म्हणावा तसा सांगत राहिला. "ह्येचं एक टोक बाकातल्या पाण्यात. दुसरं चढावावरनं पल्याड लोंबतं. दिव्याची वात कशी त्याल वर ओढती, तसा केस पानी ओढतो. थेंब थेंब. वापर नसला तर चार दिसात बाक कोरडा. आन बाक कोरडा झाला की खालची हवा वर यायला मोकळी."

मेहमुदाचे हात फडक्याच्या गाठीत तसेच राहिले. चार दिवसांत. सोमवारी न्हाण, शुक्रवारी दुपार. तिच्या डोक्यात हे दोन वार कुणीतरी शेजारी शेजारी आणून ठेवले, जसे पाट मांडतात, आणि मधली जागा रिकामी ठेवली. गाठ सुटली नाही म्हणून तिनं ती दातांनी सोडवली. तांदळाच्या भाकऱ्या, वर सुकटीची चटणी. सगळं जागच्या जागी होतं. फक्त तिला स्वतःचे दात दुसऱ्याचे वाटले.

त्या मोटारीला सारं लोणावळं 'चाकावरचा बंगला' म्हणत होतं. लढाई संपून वर्ष उलटलं, तसं सरकारनं लष्कराचं जुनंपानं लिलावात काढलं, आणि जालभाई शेठनी एक मालमोटार घेतली, जिच्या पाठीवर लाकडी खोली होती. त्या खोलीत म्हणे कुणी साहेब नकाशे पसरून बसायचा. शेठची आई जन्मात परक्या अंथरुणावर झोपली नव्हती. तिला पाचगणी, महाबळेश्वर दाखवायचं तर अंथरूणच बरोबर न्यायला हवं, असं शेठनी ठरवलं, आणि बाजारामागच्या जुन्या वखारीत ही मोटार आणून उभी केली. दोन बाकडी, उघडमीट टेबल, स्टोव्हची फळी, आणि हात धुवायला चिनी मातीचं भांडं. आत जागा इतकी की गेणू वाकला तर रज्जाकला बाहेर जावं लागायचं. गेणू आंदर मावळातला. सोमवारी पहाटे चालत निघायचा आणि शनिवारी चालत परत जायचा. त्याच्या मते माणसानं एक तर घरात राहावं नाहीतर गाडीत बसावं, दोन्ही एकदम करणं हे अन्नाला लाथ मारण्यासारखं होतं. पण खण मात्र त्यानं असे केले होते की बोटानं ढकलले तर श्वास सोडल्यासारखे मिटत. भांड्याखाली म्हातारीच्या औषधांच्या बाटल्यांचा खण हवा होता, आणि तिथंच रज्जाकचा बाक आडवा येत होता.

बाक म्हणजे काय, हे मेहमुदाला नवऱ्याच्या धंद्यानंच शिकवलं होतं, तिनं न विचारता. भांड्यातून पाणी खाली जातं, नळी खाली उतरते, मग उंटाच्या मानेसारखी पुन्हा वर चढते आणि मग बाहेर. त्या खोलगटात थोडं पाणी कायम राहतं. ते पाणी म्हणजे दाराची कडी. वरचं पाणी खाली जाईल, पण खालची घाण हवा वर येणार नाही. "मोटारीखाली कुटं आलीया घाण?" गेणू म्हणायचा. "नळीचं त्वांड तर उघड्या जमिनीवर हाय. काढून टाका तो उंट, मला दोन बोटं जागा द्या." आणि रज्जाक, जो एरवी कुणाशी वाद घालत नसे, इथं आठ दिवस वाद घालत बसला. बाक पाहिजेच. बाकाशिवाय भांडं मी लावत न्हाई. तुमचा खण दोन बोटं आखूड करा. दोन बोटांवरून दोन म्हाताऱ्या माणसांनी एकमेकांचे बाप काढले. मग एका सकाळी मिस्त्रीनं घरून फडक्यात गुंडाळून एक शिशाचा जुना बाक आणला. लढाईपासून शिसं डोळ्यांना दिसत नव्हतं, आणि हा तयार, आखूड, आडवा वळवून मागच्या भिंतीला चिकटेल असा. जसा त्या जागेसाठीच जन्मला होता. गेणूचा खण आत गेला, मिटला. "कुटनं पैदा केलात?" गेणूनं विचारलं. "हुता पडल्याला," रज्जाक म्हणाला.

हे सगळं मेहमुदाच्या समोरच झालं होतं. ती रोज दुपारी भाकरी घेऊन यायची, तीन दगडांवर चहा करायची. पण तिनं पाहिलं नव्हतं. बावीस वर्षं तिनं नवऱ्याच्या नळ्यांकडं पाहिलं नव्हतं. त्याच्या हातांकडंही फार नाही. तो जेवायला बसला की त्याच्या ताटाकडं बघायची, आणि ताट काही बोलत नाही.

चहाचं मात्र गेणूच्या लक्षात आलं होतं. "भाबी, माजा कप सांडस्तवर भरता, आन मिस्त्रीचा न्हेमी उना. त्येंनी काय पाप केलंय?" मेहमुदा केटली खाली ठेवायची. रज्जाक म्हणायचा, "मला कमीच लागतो." दोन बोटं कमी. तिनं कधी मोजून ओतला नाही. हातच तिथं थांबायचा. बावीस वर्षांपूर्वी एकदा थांबला, तो मग रोज. आधी त्यात राग होता. मग राग झिजून गेला आणि नुसती सवय उरली, पायरी झिजून खळगा उरतो तशी. रज्जाकनं एकदाही कप पुढं करून 'अजून' म्हटलं नव्हतं.

तेव्हा ती दोघं तुंगार्लीच्या वाटेवरच्या एका बंगल्याच्या मागं राहत होती. बंगल्यातली माणसं पावसाळ्यानंतर येत, मार्च सरला की मुंबईला जात, आणि उरलेलं वर्ष बंगला मेहमुदाचा असे. म्हणजे झाडायला तिचा. बाईसाहेबांना न्हाणीघरात भांड्याखाली कपाट हवं होतं, पावडरीचे डबे ठेवायला. रज्जाक तेव्हा नवा मिस्त्री. त्यानं बाक मागं भिंतीला दाबला आणि कपाट बसावं म्हणून दोन बोटं आखूड केला. बाईसाहेबांनी कपाट उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं, आणि त्याला जुना कोट दिला. तो कोट घालून तो घरी आला तेव्हा मेहमुदा इतकी हसली होती की तिच्या पोटातली पोरगी फिरली.

पोरगी झाली माघात. नाव जैतून, मेहमुदाच्या आईचं. चाळीस दिवस सरले तेव्हा ऊन तापायला लागलं होतं, मागची विहीर तळाला गेली होती आणि वर येई तो गढूळ रेंदा. बाईसाहेब चारच दिवसांपूर्वी मुंबईला गेल्या होत्या. चाळिसाव्याचं न्हाण म्हणजे बाई पुन्हा माणसांत येते. त्या दिवशी डोक्यावरनं पाणी घेतल्याशिवाय नमाज नाही, चूलही मोकळी नाही. मेंदी सकाळीच लावून बसलेली. डोक्यात चिखल घालायचा? बंगल्याच्या किल्ल्या कमरेला होत्या. छपरावरच्या टाकीत स्वच्छ पाणी होतं, आणि न्हाणीघरात ते पांढरं भांडं, ज्याला ती दोन वर्षं पुसत होती आणि ज्यात तिनं बोटसुद्धा बुडवलं नव्हतं. एकदाच, ती म्हणाली. कुणाला म्हणाली? पाळण्यातल्या पोरीला. वाकून तिनं केस भांड्यात सोडले आणि तोटी फिरवली. पाणी मानेवरून गेलं तसा अंगावर काटा आला. मेंदीचं लाल पाणी गोल फिरत खाली जात होतं. बाळंतपणानंतर केस मुठीनं गळतात. तिनं भांड्यातले केस गोळा केले, गुंडाळी करून बाहेर टाकली, भांडं घासलं, पुसलं, ओल्या फरशीवरनं फडकं फिरवलं. चोरी केल्यासारखं वाटलं आणि राणी झाल्यासारखंही. खाली गेलेलं कोण मोजतं?

तो सोमवार. पुढचे चार दिवस त्या भांड्यात कुणी थेंब ओतला नाही. शुक्रवारी दुपारी ऊन इतकं होतं की पत्र्याच्या खोलीत पोरगी रडून लाल झाली. बंगल्यात सगळ्यात गार जागा म्हणजे न्हाणीघराची फरशी. मेहमुदानं गोधडी टाकली, भांड्याच्या बाजूलाच, कुत्रं येऊ नये म्हणून दार लोटलं, खिडकी तर ऊन येतं म्हणून बंदच होती, आणि ती दिवाणखाना झाडायला गेली. पोरगी रडायची थांबली. झोपली, मेहमुदाला बरं वाटलं. तिनं सगळ्या खुर्च्या पुसल्या. दार उघडलं तेव्हा आत सडक्या अंड्यासारखा वास होता आणि पोरगी अगदी शहाण्यासारखी पडली होती.

डॉक्टर म्हणाले, मैल्याच्या टाकीची हवा वर आली असावी. एवढ्याशा जिवाला पुरते. संध्याकाळी माणसं पांगली तेव्हा रज्जाक दोन तास त्या न्हाणीघरात एकटा होता. बाहेर आला तो गुडघ्यांवर बसला आणि म्हणाला, "मी बाक दोन बोटं कमी केला हुता, मेहमुदा. पानी पुरलं न्हाई." पुढं एकदाच ती त्यावर बोलली, चेहऱ्यासमोर दोन बोटं धरून: "येवढ्यासाठी?" मग कधीच नाही. त्यांना दुसरं मूल झालं नाही, आणि ते का झालं नाही याचंही उत्तर तिनं त्या दोन बोटांतच ठेवून दिलं.

"भाबी, भाकरी देता का नुसतीच दाखवता?" गेणू म्हणाला.

तिनं वाढलं. दोघं जेवले. केस रज्जाकनं कुठं ठेवला ते तिनं पाहिलं नाही. बहुतेक कागदात गुंडाळून खिशात. जेवण झाल्यावर तो दुपारच्या, जोहरच्या नमाजाला बाजारातल्या मशिदीत गेला. गेणू वखारीच्या सावलीत पेंढ्यावर आडवा झाला आणि लगेच घोरू लागला. मेहमुदा पायरीवर बसून राहिली. मागं, मोटारीच्या आत, काहीतरी गिळल्यासारखा आवाज झाला. गुटक्. हा आवाज तिनं गेले आठ दिवस ऐकला होता आणि तो नळीचा आहे हे तिला माहीत होतं. नळीचाच असतो. पण आज छातीत, इतक्या वर्षांनी, दूध दाटल्यासारखी कळ आली. पंचेचाळिशीच्या बाईला अशी कळ येते का, हे कुणाला विचारायचं?

ती उठून आत गेली. पहिल्यांदाच. नव्या लाकडाचा, रोगणाचा वास. गुडघ्यांवर बसून तिनं गेणूचा खण पुरता बाहेर काढला आणि त्या पोकळीत पाहिलं. करडा, जाडसर, भिंतीला दबलेला बाक. सांध्यावर कथलाचा फुगवटा, आणि त्या फुगवट्यावर अंगठ्याचा ठसा. गरम कथलाला रज्जाकचा अंगठा लागला होता. तेव्हा आठ दिवस ती त्या भाजलेल्या अंगठ्याला लोणी लावत होती. तो सारा हिवाळा या ठशाभोवती तिनं पावडरीचे डबे रचले होते. त्याला ओळखायला तिला क्षणही लागला नाही. ओळख पटली आणि तिला आधी वाटलं ते हे की किती लहान आहे तो. तिच्या आठवणीत तो बाक दाराएवढा होता.

भांड्याच्या भोकातून गालाला वारा लागत होता. बाहेर वारा नव्हता. पेंढ्याची काडी हलत नव्हती. वारा गार होता, न्हाणीघराच्या फरशीसारखा, आणि लागायचा, थांबायचा, लागायचा. तिनं कान भांड्याला लावला. मोटारीखाली टाकी नाही, गटार नाही, ग्रीसचे डाग पडलेली माती आणि थोडा भाताचा पेंढा. तरी आधी बाईसाहेबांच्या गुलाबी साबणाचा वास आला. मग सडक्या अंड्याचा. आणि त्या दोन्हीच्या खाली, तळाशी, बाळाच्या मानेच्या वळीत साचलेल्या आंबूस दुधाचा. हा वास तिला कुणी तुरुंगात टाकून विचारला असता तरी सांगता आला नसता. आणि आता आला तर घरचाच वाटला.

तिनं पाण्याचा तांब्या उचलला आणि भोकात ओतला. गुटक्. पुन्हा ओतला. गुटक्, गुटक्. पितानाचा घाईचा आवाज, मधेच श्वास घेण्याइतकं थांबणं, पुन्हा. तिचा हात आपोआप तांब्या तिरका धरून, जास्त नको व्हायला म्हणून, सावकाश ओतू लागला. तांब्या रिकामा झाला. ती बाहेर येऊन चाकापाशी वाकली आणि नळीच्या तोंडाखाली हात घातला. माती कोरडी. पेंढा कोरडा. बाकात मावतं वाटीभर पाणी. तांब्यातलं बाकीचं पाणी कुठंच आलं नव्हतं.

ती पुन्हा आत गेली. भीती वाटायला हवी होती. तिला संकोच वाटत होता, उशिरा पोचलेल्या पाहुणीसारखा. भांड्यावर वाकून, ओठ अगदी भोकाजवळ नेऊन ती म्हणाली, "ते क्यास माजे हुते." गालावरचा वारा थांबला, कुणी ऐकायला श्वास धरावा तसा.

पायरी करकरली. रज्जाक दारात उभा होता, डोक्यावर अजून टोपी. काढलेला खण, रिकामा तांब्या, तिचे गुडघे, हे सगळं त्यानं एका नजरेत पाहिलं आणि डोळे बाजूला घेतले.

"बंगल्यातला ना ह्यो?" तिनं विचारलं.

"व्हय."

"फेकला का न्हाई?"

"शिसं हाय. शिसं कोन फेकतं?" मग चौकटीला टेकून, "न्हाई फेकवला. पेटीत तळाला हुता. म्हनलं हितं खाली टाकी न्हाई, काय न्हाई. कुनाला काय व्हायचं न्हाई. येकदा तरी नीट काम करू दे त्येला."

"आन केस कुटनं आला त्येच्यात?"

"त्येच तर." त्यानं टोपी काढली, तिच्याकडं बघत हातात फिरवली. "बसवायच्या आदी उकळत्या पाण्यानं धुतला. तार घातली तीनदा. आन आता एका केसानं एका रातीत समदा बाक रिकामा व्हनार न्हाई, ते मी गेणूला आपलं सांगितलं. आत काय नव्हतंच, मेहमुदा. तवाच तर समदे काढले हुते मी. चांगला गुच्छाच—"

टोपी फिरायची थांबली.

बाहेर गेणूचं घोरणंही त्याच वेळी थांबलं, की तिलाच ऐकू यायचं बंद झालं. मेहमुदाला ते न्हाणीघर दिसलं, संध्याकाळचं, दोन तास. आजवर त्या दोन तासांत तिनं त्याला मनात नुसता रडताना पाहिला होता. आता तो बाक उघडत होता. आकडा घालत होता. तांबूस केसांचा ओला गुच्छा तळहातावर घेऊन बसला होता, आणि बाहेर ती होती. बाहेर येईपर्यंत त्यानं काय सांगायचं ते ठरवलं होतं, आणि काय सांगायचं नाही तेही.

"तुमी मला दोन बोटं सांगितली," ती म्हणाली.

"दोन बोटं बी खरीच हुती गं."

"आन क्यास?"

"तू वल्ली बाळंतीन. पोर गेल्याली." तो भिंतीशी बोलावं तसा बोलत होता. "दोगांनी घेऊन काय केलं असतं? येकानं उचललं तर दुसऱ्याला भाकरी थापता येती."

बावीस वर्षांच्या भाकऱ्या तिच्या डोळ्यांपुढं एकावर एक चढत गेल्या. ती थापत होती, आणि समोर तो बसलेला, उणा कप हातात घेऊन. तिला वाटलं, आपण ओरडावं. तुमी कोन ठरवनार, असं विचारावं. माझं होतं ते मला का दिलं नाहीत? मग वाटलं, दिलं असतं तर ती एवढे दिवस उभी राहिली असती का? दोन्ही खरं होतं, केस आणि बोटं, आणि त्या दोहोंच्या मधून ती हवा वर आली होती.

"मिस्त्री! भाबी!" गेणू उठला होता. "आज च्या हाय का न्हाई? का मिलटरीनं जप्त केला?"

मेहमुदा बाहेर गेली. दगडांमधले निखारे फुंकले, केटली ठेवली. धुरानं डोळ्यांत पाणी आलं ते तिनं पदरानं पुसलं, धुराचंच आहे असं दाखवत. गेणूचा कप त्याला दिला. दुसरा कप घेऊन ती आत आली आणि उघडमीट टेबलावर, रज्जाकच्या पुढ्यात ठेवला. केटली कलती केली. चहा चढत गेला. दोन बोटं उरली तिथं हात थांबला, आपोआप, रोजच्यासारखा. ती त्या हाताकडं बघत राहिली. मग तिनं तो पुन्हा कलता केला. चहा कडेपर्यंत आला, कडेच्याही वर फुगून थरथरत राहिला, सांडला नाही.

रज्जाक कपाकडं बघत होता. एकदा तिच्याकडं बघितलं, पुन्हा कपाकडं. त्याच्या अंगठ्यावरचा जुना डाग टेबलाच्या कडेवर पांढरा पडला होता.

"भांड्यातच न्हाले हुते मी," ती म्हणाली. "चाळिसाव्याला. मोठ्या हौसेनं."

"म्हाईत हाय," तो म्हणाला. "त्या दिशी तुजे क्यास लय छान दिसत हुते."

काठोकाठ भरलेला कप उचलता येत नाही. त्याच्यापाशी आपणच वाकावं लागतं. रज्जाक दोन्ही हात टेबलावर टेकून सावकाश वाकू लागला, मान पुढं काढून, डोळे मिटून. उघड्या खणाच्या पोकळीतून घोट घेतल्याचा आवाज आला. त्याचे ओठ अजून कपाला लागले नव्हते.